ळ ठळक हवा

फक्त मराठी लिहिण्यासाठी एक कॉम्प्युटर घरात वेगळा मांडायचं ठरलं. टेबल, खुर्ची, मॉनिटर हे एका संध्याकाळी उरकलं. अडलं ते कीबोर्डपाशी.

वाशिमच्या टायपिंग क्लासात ज्यांची बोटं घडली, त्यांना टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी झोपेतही येते. गोदरेजने टाइपरायटर बनवणं २००९ साली थांबवलं, तरी ती सवय सुटलेली नाही. पण रेमिंग्टनची मांडणी यंत्राच्या सोयीची. कागदावर जे डावीकडे उमटायचं ते आधी, म्हणून ‘वाशिम’ लिहिताना वेलांटी आधी आणि श मागून. असं बोलतं का कुणी? इन्स्क्रिप्ट या दुसऱ्या मांडणीत व, काना, श, वेलांटी, म. जिभेवर येतं तसंच बोटांत येतं. १९९१च्या भारतीय मानकात गेलेल्या या मांडणीत स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. क च्याच कळेवर शिफ्ट धरला की ख, ग वर घ, त वर थ. शाळेत घोकलेली वर्णमाला इथे कामाला येते.

आमच्या वाशिम जिल्ह्यात अर्ज लिहा, पीकविम्याची तक्रार लिहा नाहीतर कविता, ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द येणारच. शिफ्टसह ऱ, मग हलंत, मग य, की तो वाकडा र डोळ्यांदेखत य ला जाऊन बिलगतो. रोमन अक्षरं बडवून खाली आलेल्या यादीतून शब्द उचलण्यात हे सुख नाही. तिथे मराठी शब्द आधी इंग्रजी स्पेलिंगमध्ये आठवावा लागतो, आणि मला ते सोसत नाही.

मांडणी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बदलता येते. कीबोर्ड निवडायचा तो कळांसाठी. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी सुरू झाली की दारं लावूनही धूळ आत येते. साध्या कीबोर्डात सगळ्या कळांखाली एकच पातळ पडदा. तो बिघडला की सगळंच टाकायचं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळेखाली वेगळा स्विच, वरची टोपी उपसून ब्रशने झाडता येते. म्हणून बँका-कचेऱ्यांत वर्षानुवर्षं खणखणत आलेला टीव्हीएस गोल्ड मी पसंत केला. वायरचा, म्हणजे सेल बदलायची कटकट नाही. कळ दाबली की ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो, आणि टाइपरायटरवर शिकलेल्या बोटांना तो लागतोच.

राहिली अक्षरं. चिकटवलेले स्टिकर उन्हाळ्याच्या घामात सुटतात, तेव्हा देवनागरी अक्षरं कोरून घ्यावीत हे बरं. इंग्रजी अक्षरं पुसट झाली तरी चालतील, शिफ्टवरचा ळ मात्र ठळक हवा.