रिकामा रकाना

परवा बँकेत एक अर्ज भरावयाचा होता. नाव, पत्ता, जन्मतारीख हे सारे सवयीने लिहून झाले. परंतु ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी लेखणी अडली. चौतीस वर्षे तेथे ‘शिक्षक’ हा शब्द मी विचार न करता लिहीत आलो. तो वगळला तर मागे उरतो तो कोण? रकाना कोराच ठेवून मी घरी परतलो.

संध्याकाळी पुतण्याच्या खोलीच्या बंद दारातून एक इंग्रजी गाणे ऐकू आले. ते होते बीटल्स मंडळींचे, डिसेंबर १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘नोव्हेअर मॅन’. ज्याला स्वतःचे ठिकाण नाही अशा एका माणसाचे ते चित्र आहे. हा ‘तो’ कोण? जॉन लेननने पुढे सांगितले की, पाच तास खटपट करूनही काही सुचेना, तेव्हा तो कंटाळून आडवा झाला आणि शब्द व चाल एकदमच आली. तो माणूस म्हणजे आपणच, हेही त्याने कबूल केले.

मोठी नवलाची गोष्ट! २१ व २२ ऑक्टोबर १९६५ रोजी लंडनमध्ये या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले आणि २६ तारखेला राणीच्या हस्ते चौघांना सन्मानपदके मिळाली. ज्याला सारे जग ओळखत होते, त्याचाही रकाना आतून रिकामाच होता. ‘मी’ म्हणावयाचा धीर झाला नाही, म्हणून बिचारा ‘तो’ म्हणाला, असे मला वाटते.

परंतु त्याहून नवल गाण्याच्या आरंभी आहे. तेथे एकही वाद्य वाजत नाही. लेनन, मकार्टनी आणि हॅरिसन या तिघांचे कंठ एकदम उमटतात. एकटेपणाचे गाणे त्याने एकट्याने म्हटलेच नाही!

मी दार ठोठावले. बँकेतील फजितीची हकीकत मी कोणालाच सांगितली नव्हती. ती त्याला सांगितली. तो हसेल, असे वाटले होते. क्षणभर थांबून तो म्हणाला, “काका, तुम्हांला निदान खोडावयाला एक शब्द तरी आहे. मी आठ महिने अर्ज पाठवतो आहे. माझा रकाना अजून भरलेलाच नाही.”

आठ महिने मी त्या बंद दाराला आळस म्हणत आलो होतो. मला उत्तर सुचले नाही. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटले, “अरे, ते गाणे पुन्हा लाव पाहू.”

त्याने ते लावले. दार उघडेच राहिले.