घट, घटत्व आणि मुदत ठेव

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगची आमची आणि आमची गाठ पडली ती २००१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. तोवर फॉक्सप्रोत बारा वर्षे काढलेली. संध्याकाळच्या वर्गात जावा शिकवणारे सर आमच्याहून दहा वर्षांनी लहान होते. क्लास म्हणजे साचा आणि ऑब्जेक्ट म्हणजे साच्यातून निघालेली वस्तू, असे ते सांगत. आम्हांला मात्र महाविद्यालयात घोकलेले न्यायशास्त्र आठवले. घटत्व म्हणजे क्लास, समोरचा घट म्हणजे ऑब्जेक्ट, असे समीकरण मांडून आम्ही निश्चिंत झालो.

घटाला कोणी निरोप धाडत नाही, ऑब्जेक्टला मात्र धाडावा लागतो, हे आमच्या ध्यानात आले नाही. ‘स्मॉलटॉक’च्या जनकांपैकी अ‍ॅलन के यांनी १९९८ मध्ये ‘ऑब्जेक्ट’ हा शब्द आपण रूढ केल्याबद्दल खंत व्यक्त केली होती. त्यामुळे लोकांचे लक्ष वस्तूंकडे गेले आणि त्यांच्यातल्या संदेशांकडे दुर्लक्ष झाले, असे त्यांचे म्हणणे. आमच्या वाचनात ते फार उशिरा आले.

पुढच्याच वर्षी एका पतसंस्थेचे काम मिळाले. काउंटरवरच्या खिडक्या आम्ही स्विंगमध्ये बांधल्या. ‘खाते’ नावाचा क्लास केला. त्यात जमा करणे, काढणे, शिल्लक सांगणे. बचत खात्याने त्याचा वारसा घेतला. मुदत ठेव हेही एक खातेच, म्हणून तिनेही घेतला. पाठ्यपुस्तकांतून कुत्रा हा प्राण्याचा वारसदार असतोच की! (त्या कुत्र्यामांजरांनी एका पिढीचे किती नुकसान केले, यावर कोणीतरी लिहायला हवे.) वारशात ‘काढणे’ही आले, हे आम्हांला दिसले नाही.

एके दिवशी कारकुनाच्या हातून खातेक्रमांकातला एक आकडा चुकला, आणि बचत खात्यातून द्यायचे पाच हजार रुपये भलत्याच माणसाच्या मुदत ठेवीतून वजा झाले. प्रोग्रॅमने हूं की चूं केले नाही. रोकड जुळली, कारण पैसे खरोखरच कोणाला तरी दिलेले होते. चौदा महिन्यांनी एक निवृत्त गृहस्थ मुदत संपलेली पावती घेऊन आले. पावतीवरचा आकडा मोठा, पडद्यावरचा लहान. तासभर ते काउंटरपाशी उभे होते, आणि संस्थेचा विश्वास त्यांच्या पावतीवर नव्हता, आमच्या प्रोग्रॅमवर होता. पावतीत खाडाखोड तर नाही ना, म्हणून ती उजेडात धरून पाहिली गेली. आम्ही तिथेच होतो. अखेर जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यात चूक सापडली.

बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्येच अट घालून दिली होती : मूळ प्रकार जिथे चालतो तिथे उपप्रकारही बिघाड न होता चालला पाहिजे. आमची ठेव तिथे नापास होती. मग ‘काढता येणे’ हा इंटरफेस वेगळा केला आणि तो फक्त बचत खात्याला दिला. दोन दिवसांचे काम. त्या गृहस्थांच्या तासाशी त्याची तुलना आम्ही करीत नाही.

२००४ मध्ये तेच काम वेबवर न्यायचे ठरले. डेस्कटॉपवर खिडकीचा ऑब्जेक्ट एका कारकुनापुरता असतो. सर्व्हलेटचा एकच ऑब्जेक्ट सगळ्यांच्या विनंत्या एकाच वेळी झेलतो. आम्ही जुन्या सवयीने खातेदाराचे नाव त्या ऑब्जेक्टमध्येच ठेवले. चाचणीत दोन टेबलांवरून एकदम बटण दाबताच एकाला दुसऱ्याची शिल्लक दिसली. या वेळी चूक निदान आमच्यापुरती राहिली.

सभासदांना नवी व्यवस्था दाखवली त्या दिवशी ते गृहस्थही आले होते. ठेव त्यांनी तिथेच ठेवली होती. पडद्यावरची स्वतःची शिल्लक त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचली आणि आमच्याकडे वळून विचारले, “पावती छापून मिळते ना?”