बोंबलाचे नातेवाईक

मैत्रिणींनो, बोंबील साफ करताना तुम्ही कधी त्याचं तोंड उघडून पाहिलंय का? आपण आधी डोकंच कापून टाकतो, त्यामुळे ते राहूनच जातं. पुढच्या वेळी मुद्दाम बघा. एवढ्याशा मऊ, लुळ्या माशाच्या जबड्यात सुयांसारखे दात दाटीवाटीनं बसलेले असतात आणि तोंड तर डोळ्यांच्याही मागे फाटत गेलेलं. अंगात पाणीच जास्त, म्हणून तर आपण तो वजनाखाली दाबून ठेवतो आणि मग रव्यात घोळवतो. (शाकाहारी मैत्रिणींनी रागावू नये, पुढे स्वयंपाक फारसा नाही.)

हा बोंबील आपल्या अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या डोल जाळ्यांत सापडतो. उथळ, गढूळ पाण्यातला जीव. पण त्याचं गोत्र खोल समुद्रात फार पसरलंय. प्राणिशास्त्रज्ञ त्याला ज्या गणात घालतात, त्याच गणात एक मासा आहे, जो काही हजार मीटर खाली, मिट्ट काळोखात, परांच्या तीन लांब काड्यांवर तिवईसारखा उभा असतो. प्रवाहाकडे तोंड करून उभा राहायचं आणि वाहत येईल ते गिळायचं, एवढाच त्याचा संसार. हे वाचल्यापासून बोंबलाच्या वाट्याकडे मी निराळ्या नजरेनं बघते. आमच्या घरी याला 'हिचं किडेपुराण' म्हणतात. म्हणोत बापडे.

माकूल घ्या. तिला तीन हृदयं असतात. दोन कल्ल्यांकडे रक्त ढकलायला आणि एक बाकीच्या शरीरासाठी. रक्त निळं, कारण आपल्या रक्तात लोह, तर तिच्यात तांबं. माकूल चिरताना आतून जी पांढरी, हलकी, होडीसारखी ढलपी निघते, ती बारीक कप्प्यांची असते. त्या कप्प्यांतलं पाणी नि वायू कमीजास्त करून ती वर-खाली होते. हीच ढलपी वाळून किनाऱ्यावर येते आणि आयुर्वेदाच्या दुकानात समुद्रफेन म्हणून विकली जाते. आजी-आजोबांच्या जुन्या फोटोच्या तपकिरी रंगाला सेपिया म्हणतात ना, ते नावही हिचंच. पूर्वी तो रंग हिच्या शाईपासून करत. कोळीण मला बजावते, "बाय, पिशवी फुटू देऊ नको, साडी जाईल." तिला सेपिया शब्द माहीत नाही, गुण मात्र पक्का ठाऊक.

तुम्ही म्हणाल, मग आपल्या वसईसमोर हे खोल पाण्यातले चमत्कार का सापडत नाहीत? कारण आपला समुद्र फार लांबपर्यंत उथळ आहे. बॉम्बे हायचे तेलाचे मनोरे किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, पण तिथेही पाणी ७५ मीटरच्या आसपासच. खरा खोल समुद्र त्याच्याही बराच पलीकडे. तिथला दाब समजायला प्रयोगशाळा नको, आपला कुकर पुरे. शिटी होते तेव्हा कुकरच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक पट दाब जास्त असतो. समुद्रात दर १० मीटरला तेवढाच दाब वाढतो. म्हणजे १,००० मीटरवर शंभर कुकरांचा जोर, आणि तिथे सूर्याचा प्रकाशही संपलेला. तरी तिथले जीव चिरडत नाहीत, कारण त्यांचं अंग पाण्यानंच भरलेलं आणि आत हवेची पोकळी जवळजवळ नाही. दाबण्यासारखं आत काही नसतंच.

त्यांना वर ओढून आणलं की मात्र ते बिघडतात. ऑस्ट्रेलियाच्या बाजूला ब्लॉबफिश नावाचा मासा आहे. २०१३ साली एका संस्थेनं मतं मागवली तेव्हा 'जगातला सर्वांत कुरूप प्राणी' म्हणून तो निवडून आला. लोंबतं नाक, ओघळलेले गाल, रडवा चेहरा. पण तो फोटो त्याला पाण्यातून वर काढल्यावरचा! आपल्या खोलीवर, आपल्या दाबात तो चारचौघांसारखा मासाच दिसतो. मुलगी बघायला आलेल्यांपुढे भरजरी साडीत घामाघूम होऊन पोह्यांची बशी धरलेल्या कितीजणींचे असे फोटो निघाले असतील, असं मला वाटून गेलं.

काळोखात दिवा लावून शिकार करणाऱ्या एका माशाचे नर तर एवढेसे असतात आणि काही जातींत मादीला चावा घेऊन कायमचे चिकटतात. पुढे रक्तही तिचंच. याहून पक्का घरजावई कुठे मिळायचा!

पण ज्या प्राण्यानं मला झोप लागू दिली नाही, ती एक आई आहे. कॅलिफोर्नियाजवळ सुमारे १,४०० मीटर खोल एका कड्यावर मे २००७ मध्ये संशोधकांना एक ऑक्टोपस मादी अंड्यांवर बसलेली दिसली. यंत्रमानव पाणबुडी पाठवून ते पुन्हा पुन्हा तिला बघायला गेले. अंगावरच्या व्रणांवरून तीच ती, हे ओळखता येई. शेवटची दिसली सप्टेंबर २०११ मध्ये. पुढच्या महिन्यात गेले तर अंड्यांची रिकामी टरफलं होती, ती नव्हती. त्रेपन्न महिने! तितक्या काळात कुणी तिला खाताना पाहिलं नाही. जवळ आलेले खेकडे ती नुसते ढकलून द्यायची. हळूहळू फिकट पडली, डोळे धुरकट झाले.

ही हकीगत व्हॉट्सॲपवर फिरत माझ्याकडे आली, खाली हात जोडलेले आणि 'आई ती आईच'. मला ते पटलं नाही. माझी आई जन्मभर सगळ्यांचं झाल्यावर, आमटीच्या तळाशी उरलेल्या गाळावर जेवली. तिचंही असंच कौतुक झालं. पन्नाशीत हिमोग्लोबिन सातावर आलं तेव्हा डॉक्टर रागावले, बाकी कुणी नाही.

आणि ऑक्टोपसचं म्हणाल, तर तो त्यागबिग नाही. १९७७ साली जेरोम वोडिन्स्की या शास्त्रज्ञानं एका जातीच्या अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढून पाहिल्या. त्या माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला लागल्या आणि जास्त जगल्या. म्हणजे उपाशी ठेवत होती ती ग्रंथी. तिला आयुष्यात एकदाच पिल्लं व्हायची असतात, पुढचा दिवस तिच्या नशिबी नाही. आपल्याला तर मुलं शाळेत जाईपर्यंत, लग्नं होईपर्यंत, त्यांच्या मुलांपर्यंत जगायचं असतं. आपल्यात अशी कुठली ग्रंथी आहे, सांगा बरं? मी तो निरोप पुढे पाठवला नाही. त्या दुपारी गरम भात वाढून घेतला आणि सगळ्यांच्या आधी जेवले. सासूबाईंनी एकदा पाहिलं आणि माझ्याकडून लोणच्याची बरणी मागून घेतली, त्याही बसल्या.

"याचा उपयोग काय?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, मला उपयोग सांगता येत नाही. पण नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत पुण्यात बी.एस्सी. झाल्या, तेव्हा ॲलिस्टर हार्डी यांचं समुद्रावरचं एक पुस्तक त्यांच्या हाती पडलं आणि त्यांनी समुद्रविज्ञानच घ्यायचं ठरवलं. त्या हवाईला शिकल्या, पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलं, आणि १९८३ च्या मोहिमेबरोबर सुदीप्ता सेनगुप्तांसह अंटार्क्टिकाला गेल्या. तिथे पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या दोन भारतीय बायका. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८८१ साली, मुंबईच्या गोदीत 'इन्व्हेस्टिगेटर' नावाची बोट बांधली होती. तिनं आपल्या समुद्रांच्या तळातून किती अजब प्राणी वर काढले! पण तिच्यावर चढायला तेव्हा बाई कोण घेणार होतं?

आपल्याला बोटीची गरज नाही. राजोडी, कळंब, अर्नाळा आहेतच. फक्त ओहोटी साधायची. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ येते. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे त्यानंतर सहा तासांनी, सकाळी सव्वाआठला, ओहोटी. मुलांचे डबे भरून झाले की निघा. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची रांगोळी दिसेल. ती इवल्या खेकड्यांची. वाळूतलं खाद्य खाऊन उरलेल्या वाळूचे गोळे करून ते ठेवतात आणि भरती आली की सगळं पुसून जातं. दगड उलटलात तर होता तसा ठेवा, खाली कुणाचंतरी घर असतं. सुंदर नक्षीचा, निमुळता शंख हलत असेल तर हातात घेऊ नका, काहींचा दंश विषारी असतो. पावसाळ्यात निळे फुगे वाहून येतात, त्यांच्या दोऱ्यांपासून मुलांना लांब ठेवा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर बऱ्याच जणांना ते डसले होते. डसलेच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्यानं धुवा आणि दवाखाना गाठा.

चपला जुन्या घाला. आणि एक डबी बरोबर असू द्या, रिकाम्या शिंपल्यांसाठी.