खिडकीबाहेरचे झाड

आमच्या निजण्याच्या खोलीला एकच खिडकी आहे. भाईंदर पश्चिमेला आम्ही हे घर घेतले, तेव्हा तिच्यातून खाजणाचा एक तुकडा आणि त्यावर उतरणारे बगळे दिसत. पुढे तेथे इमारत उठली आणि खिडकीत भिंत आली. आम्ही पडदा लावून टाकला.

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे आम्ही त्या खिडकीशी पडून होतो. जखम भरली, तपासण्या चांगल्या आल्या. परंतु झोप येईना, अन्न गोड लागेना. समाचारास आलेली माणसे केव्हा एकदा जातील असे वाटे. डॉक्टरांनी फिरावयास सांगितले, म्हणून आम्ही गच्चीवर पाण्याच्या टाक्यांभोवती फेऱ्या मोजू लागलो. पाय चालत, मन मात्र जागचे हलत नसे.

अशात डोंगरीहून आमची थोरली आत्या भेटीस आली. आमच्या फेऱ्यांचे वर्णन ऐकून ती म्हणाली, "घाण्याच्या बैलासारखा टाकीभोवती कसला फिरतोस? वाडीत येऊन बस."

आम्ही जाऊ लागलो. भाईंदरहून उत्तनकडे जाणारी बस मुर्धे, राई, मोर्वे ही गावे मागे टाकते, तसा वाऱ्याला खारा वास येतो. आत्याच्या वाडीत आंब्याखाली खाट टाकलेली असे. कधी दुपार कलली की आम्ही उत्तनच्या किनाऱ्यावर जात असू. हिवाळ्याचे दिवस होते. बांबूच्या वलांड्यांवर जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत घातलेले असत आणि कोळणींचे हात क्षणभरही थांबत नसत. तिसऱ्या आठवड्यात एके दुपारी आम्हांला त्या खाटेवर गाढ झोप लागली. जाग आली ती भुकेने.

हा केवळ मनाचा खेळ नव्हे. रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने 1984 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. 2019 साली इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्यातून किमान 120 मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली प्रकृती उत्तम असल्याचे सांगणारे अधिक आढळले. मुळात धडधाकट माणसेच अधिक बाहेर पडत असतील, ही शंका अशा पाहणीत उरतेच. परंतु ती भिंत आम्ही स्वतः पाहिली होती. आम्हांला फारसे पटवून द्यावे लागले नाही.

वाचकहो, येथवर लिहून थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख खरा होणार नाही. आत्याच्या वाडीला लागून असलेला हिस्सा आमच्या वडिलांचा होता. हे घर घेताना आम्हीच तो विकला. तेथे आता फरशी घातलेले अंगण आहे. आत्याने त्याविषयी कधी एक शब्द काढला नाही. खाट मात्र ती नेहमी अशी टाकी की आमची पाठ त्या बाजूस राहावी.

2025 साली दहिसर ते मीरा-भाईंदर या मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरी येथील दहा हजारांहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव पुढे आला. ग्रामस्थांनी विरोध केला. आत्याच्या घरीही हरकतीचा कागद आला. मेट्रो नको असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार? चर्चगेटच्या गाडीत दारात लोंबकळत आम्ही तीस वर्षे काढली आहेत. गर्दीने माणूस कसा पिळून निघतो ते आम्ही जाणतो. शिवाय ज्याने स्वतःची झाडे विकली, त्याने दुसऱ्यास झाडे तोडू नका असे सांगावे कसे? आम्ही कागद परत सरकवला.

आत्या म्हणाली, "विकलीस ते खरं. पण बरा कुठे झालास, तेही खरंच ना? तेवढं लिही."

तेवढेच आम्ही लिहिले. शस्त्रक्रिया कोठे झाली, झोप कोठे लागली आणि तेथवर पोहोचायला बसचे भाडे सोडून काहीही मोजावे लागले नाही. खाली सही केली. शहरात राहणाऱ्या आजाऱ्याला असे एखादे ठिकाण आपल्या पंचक्रोशीत हवे, हे सांगण्यास हात स्वच्छ असण्याची वाट पाहत बसलो, तर सांगणारा कोणी उरणार नाही.