टाकीखालचा उजेड

घरात माशांची टाकी असली की येणारे-जाणारे काचेसमोर थांबतात. टाकी सांभाळणाऱ्या माणसाचं निम्मं काम मात्र खालच्या कपाटात असतं. आमची टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर 190 लिटर पाणी. तिच्याखाली सुताराकडून मरीन प्लायचं कपाट करून घेतलं आहे, दोन दारांचं, गडद अक्रोडी सनमायका लावलेलं. आत कॅनिस्टर फिल्टर, पाणवनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, वरच्या दिव्याचा टायमर, हीटरची वायर, खताच्या बाटल्या, पाणी तपासायचं किट, जाळी आणि नळ्यांची भेंडोळी. एवढा पसारा आणि आत मिट्ट काळोख.

फिल्टर धुवायला काढताना दोन्ही हात लागतात. एका हाताने झडप बंद करायची, दुसऱ्याने नळीचा जोड सोडवायचा. मोबाइलचा टॉर्च मानेखाली धरून हे काम होत नाही. कार्बन डायऑक्साइडचं तर आणखी नाजूक. सुईच्या झडपेने वायू सोडायचा आणि काचेच्या नळीत बुडबुडे मोजायचे. प्रमाण थोडं जास्त झालं तरी मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात, आणि काळोखात बुडबुडे मोजणार तरी कसे?

म्हणून आत दिवा हवा होता, आणि तो दार उघडलं की आपोआप लागणारा हवा होता. ही हौस नव्हती. टाकीचं काम करताना हात कोपरापर्यंत ओले असतात. ओल्या हाताने बटण चाचपडायची वेळच येऊ नये, एवढंच मला साधायचं होतं.

आमच्या शेजारचे काका वीज मंडळात वायरमन होते, आता निवृत्त आहेत. त्यांना कपाट दाखवलं. दिव्याबद्दल ते काही बोललेच नाहीत. खाली वाकून आतला एक्स्टेंशन बोर्ड पाहिला आणि म्हणाले, “अगं, पाण्याखाली वीज नेलीयस. आधी सांग, मेन बोर्डात आरसीसीबी आहे का?”

“एमसीबी आहेत की, काका.”

“एमसीबी वायरला वाचवते. माणसाला वाचवायचं तर 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी पाहिजे. ती बसव, मग दिव्याचं बघू.”

त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे आणि टाकी असलेल्या प्रत्येक घरात ते पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की एमसीबी पडते. पण हीटरची काच तडकून पाण्यात वीज उतरली आणि आपण त्यात हात घातला, तर अंगातून जाणारा प्रवाह इतका थोडा असतो की एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि माणसाच्या जिवाला मात्र तेवढा पुरतो. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तेवढीच परत येते की नाही, हे आरसीसीबी सतत ताडून पाहते आणि फरक पडला की क्षणात पुरवठा तोडते. परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलावून आम्ही ती बसवून घेतली. कपाटाच्या जमिनीवर पडलेला एक्स्टेंशन बोर्ड उचलून बाजूच्या भिंतीवर उंच लावला आणि प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर घेतली. वायरवरून पाणी ओघळलं तर ते त्या झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं, सॉकेटपर्यंत चढत नाही.

दिव्याचं सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत घेतलं. 12 व्होल्टची एलईडी पट्टी, वर सिलिकोनचा थर असलेली, मीटरला 9.6 वॅटची. मला दीड मीटर पुरणार होती, म्हणजे 14.4 वॅट, 1.2 अँपिअर. ॲडॉप्टर 2 अँपिअरचा घेतला. बंद कपाटात ॲडॉप्टर अगदी काठावर चालवला तर तापतो, म्हणून इतकी सवड ठेवावी. 12 व्होल्ट निवडण्याचं कारण उघड आहे. 230 व्होल्ट ॲडॉप्टरपाशीच थांबतात, आणि जिथे माझा हात फिरतो तिथे दिव्याच्या वायरीतून धक्का बसेल असं काही उरत नाही.

रंगाचा प्रश्न मी दुकानात बराच वेळ घोळवला. पिवळसर उजेड घरात छान दिसतो, पण या कपाटात मी पाण्याच्या चाचण्या करते. अमोनियाच्या चाचणीत पिवळा रंग हळूहळू हिरव्याकडे झुकतो. पिवळ्या उजेडात तो पहिला हिरवट फरक चक्क गिळला जातो, आणि तोच तर ओळखायचा असतो. म्हणून 6500 केल्विनची पांढरी पट्टी घेतली. नक्की निदान करायचं तर नळी खिडकीशीच न्यावी, पण रोजच्या नजरेला हा उजेड पुरतो.

कपड्यांच्या कपाटासाठी तयार सेन्सर मिळतात, दारावर अवरक्त किरण टाकून परतावा बघणारे. गडद, मॅट सनमायकावरून परतावा कमी येतो, शिवाय ते सेन्सर चोवीस तास वीज घेत जागे असतात. मी साधा मायक्रोस्विच घेतला, टोकाला चाक असलेल्या पात्याचा. फ्रिजच्या दारात जसं बटण असतं, तत्त्व तेच.

या स्विचला तीन पिना असतात: कॉमन, एनओ आणि एनसी. दार बंद असताना पातं दाबलेलं राहतं, आणि तेव्हा आपल्याला दिवा विझलेला हवा असतो. म्हणून जोडणी कॉमन आणि एनसीला करायची. पातं सुटलं की एनसी जुळतो आणि दिवा लागतो. ॲडॉप्टरची धन वायर कॉमनला, एनसीतून पट्टीच्या धन टोकाला, आणि ऋण वायर सरळ पट्टीला. दारं दोन, म्हणून स्विचही दोन, एकमेकांना समांतर. कुठलंही एक दार उघडलं तरी उजेड, दोन्ही लागली की अंधार. स्विच बिजागरीच्या बाजूला न बसवता दाराच्या मोकळ्या कडेला बसवले, त्यामुळे दार जरासं उघडलं तरी पातं सुटतं. सुताराने मॅग्नेट कॅचर लावलेला होता. तो दार घट्ट धरतो, पात्याची स्प्रिंग त्याला बाहेर ढकलू शकत नाही.

पट्टी कुठेही कापून चालत नाही. 12 व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर मिळून एक घर असतं, आणि दोन घरांमध्ये कात्रीची खूण छापलेली असते. तिथे कापलं की तांब्याचे दोन चिमुकले ठिपके उघडे पडतात. सिलिकोनचा थर नखाने सोलायचा, ठिपक्यावर आधी थोडं कथील चढवून घ्यायचं, वायरच्या टोकालाही चढवायचं, मग दोन्ही एकमेकांवर टेकवून 25 वॅटची सोल्डरिंग गन एखादा क्षण लावायची. कथील चमकून पसरतं आणि वायर बसते. जास्त वेळ टेकवली तर ठिपकाच उचकटून येतो.

कापलेलं टोक पाण्यापासून झाकायला हवं. टाकीवाल्यांच्या घरी सिलिकोनची ट्यूब असतेच, काच जोडायची. ती इथे वापरू नये. तिला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण वाळताना ती ॲसेटिक ॲसिड सोडते, आणि त्याने तांबं हिरवं पडून गंजतं. काचेला आणि माशांना जे चालतं ते तांब्याच्या जोडाला चालत नाही. त्यासाठी न्यूट्रल सिलिकोन वेगळं मिळतं, तेच घेतलं.

पट्टी ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवून कपाटाच्या वरच्या फळीच्या आतल्या कडेला लावली, तोंड मागच्या भिंतीकडे. समोर वाकलं तरी उजेड डोळ्यांत येत नाही, सगळा नळ्यांवर आणि फिल्टरवर पडतो.

त्याचा उपयोग लवकरच कळला. खत काढायला दार उघडलं तेव्हा फिल्टरच्या परतीच्या नळीवर, जोडाच्या चाकीखाली, एक थेंब लकाकला. बोटाने पुसला तर खाली खडूसारखी पांढरी रेघ होती. पाण्यातले क्षार तिथे कधीपासून साठत होते. गळती इतकी मंद होती की जमिनीपर्यंत थेंब पोचतच नव्हता, वाटेतच सुकत होता. रबरी रिंग कडक झाली होती. ती बदलली, सिलिकोन ग्रीस लावलं आणि जोड कोरडा झाला. टॉर्चच्या उजेडात मी त्याच जोडाला कितीदा हात लावला होता, पण टॉर्च जिथे रोखावा तेवढंच दाखवतो.

रत्नागिरीला माझ्या मावसभावाची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी. त्यालाही असाच दिवा हवा आहे, पण तिथे मायक्रोस्विच मी लावू देणार नाही. सम्पमधल्या फवाऱ्याने मिठाचा थर प्रत्येक धातूवर चढतो, उघडे संपर्क तिथे टिकत नाहीत. तिथे रीड स्विच हवा. काचेच्या बंद नळीत दोन पाती असतात आणि बाहेरून लोहचुंबक जवळ आलं की ती हलतात. फक्त तो एनसी प्रकारचाच मागायचा, नाहीतर दार लावल्यावर दिवा लागेल. रीडची पाती नाजूक, साधारण अर्ध्या अँपिअरपर्यंतचीच, म्हणून पट्टीचा प्रवाह त्यातून न नेता रीडने फक्त छोट्या मॉस्फेट मॉड्यूलला इशारा द्यायचा. ते मॉड्यूल झाकणबंद डबीत, सम्पच्या कप्प्याबाहेर. दाराचा मॅग्नेट कॅचरही रीडपासून लांब, दुसऱ्या कडेला हवा, नाहीतर रीड त्याच्याच चुंबकाला भुलेल. आधी त्याने घरात आरसीसीबी बसवून घ्यावी, असं मी त्याला सांगितलं आहे. रीड आणि मॉड्यूल इथून घेऊन जाईन. न्यूट्रल सिलिकोनची ट्यूब तिकडेच नवी घ्यायची, एकदा उघडलेली फार टिकत नाही.