क्लचची हवा घरच्या घरी काढताना



आज पिकाचं काही नाही, गाडीचं आहे. क्लचचं पेडल पायाखाली भुसभुशीत लागायला लागलं, पार खाली दाबलं तरी गिअर नीट पडेना, रिव्हर्स टाकताना कर्रर्र वाजायला लागलं, आणि पेडल भराभर दोनतीनदा मारलं की तेवढ्यापुरता गिअर पडतो, असं झालं की बहुतेक वेळा क्लचच्या लाईनीत हवा शिरलेली असते. ती हवा घरी काढता येते. पण कधी काढायची आणि काढल्यावर कुठं थांबायचं हे समजलं पाहिजे, म्हणून लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो. चढावर इंजिनचा आवाज वाढतोय पण गाडी ओढत नाही, जळका वास येतोय, तर ते क्लचप्लेटचं दुखणं. तिथं हवा काढून काही उपयोग नाही. आणि पुष्कळ लहान गाड्यांना क्लचला नुसती केबल असते, तिथंही हा विषय येत नाही. बॉनेट उघडून बघायचं. पेडलच्या समोर इंजिनच्या बाजूला एक सिलेंडर, त्याला ऑइलची डबी आणि खाली गिअरबॉक्सकडं गेलेली बारीक नळी दिसली, तर तो ऑइलवरचा क्लच.

काम कसं चालतं ते मोटर-पाईपलाईनवाल्याला समजायला दोन मिनिटं पुरतात. वरच्या सिलेंडरला मास्टर म्हणतात. पेडल दाबलं की तो ऑइल ढकलतो. नळीत कोंडलेलं ऑइल दाबून लहान होत नाही, त्यामुळं तेवढाच दाब खालच्या सिलेंडरला पोचतो. त्याला स्लेव्ह म्हणतात. त्याचा दांडा बाहेर येऊन क्लचचा फोर्क ढकलतो. कोंडलेल्या पातळ पदार्थावरचा दाब सगळीकडं सारखा पोचतो, हा नियम सतराव्या शतकातल्या पास्कल नावाच्या फ्रेंच माणसाचा. आता त्या ऑइलात हवेचा बुडबुडा आला तर? हवा दबते. पाय खाली जातो, हवा तेवढी आखडते, आणि दांडा पाहिजे तेवढा बाहेर येतच नाही.

विहिरीवरच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह हवा धरायला लागला की काय होतं ते आपण सगळ्यांनी भोगलंय. मोटर घरघर फिरते, अँपिअर दाखवते, पाणी नाही. ट्रॅक्टरचं डिझेल संपलं की नुसतं डिझेल ओतून चालत नाही, फिल्टरचा बोल्ट सैल करून हातपंप मारत बसावं लागतं, बुडबुडे थांबेपर्यंत. ठिबकच्या मेनलाईनवर उंच जागेला एअर व्हॉल्व्ह बसवतो तोही त्याचसाठी. हवा वर चढते, म्हणून बाहेर काढायची वाट वर ठेवायची. क्लचच्या खालच्या सिलेंडरलाही म्हणूनच हवा काढायचं निपल शक्यतो वरच्या अंगाला दिलेलं असतं. तेव्हा क्लचची हवा काढणं आपल्याला नवीन नाही, फक्त जागा नवीन आहे.

आमच्याकडं सात सीटची जुनी डिझेल गाडी आहे. खताच्या गोण्या, बियाणं, पाहुणे, सगळं तिच्यावरच. दोन वर्षांपासून त्यात आईचं डायलिसिस आलंय. सोमवार आणि गुरुवार, सकाळी साडेसातला तिथं हजर. आई 78 वर्षांची, मोटारसायकलवर बसवता येत नाही आणि तारीख पुढं ढकलता येत नाही. मशीनवरची सिस्टर नळीला टिचक्या मारून बुडबुडा वर घेते ते मी दर वेळेला बघतो. त्या मशीनला रक्तात हवा गेली की ओळखणारा भाग असतो, तो ओरडतो आणि मशीन थांबतं. गाडीच्या क्लचला असं कुणी ओरडणारं नाही, पायालाच कळावं लागतं.

पेडल बसलं ते रविवारी दुपारी. गॅरेज बंद, मेस्त्री गावाला लग्नाला. फोनवर म्हणाला, "काका, उद्या दुपारी येतो." उद्या दुपारी आईला परत आणायची वेळ. मग ठरवलं, घरीच बघू.

पहिल्यांदा मी हवा काढली नाही, गळती शोधली. बंद लाईनीत हवा आपोआप जन्माला येत नाही. जिथून ऑइल बाहेर येतं तिथूनच ती बहुतेक आत घुसते, नाहीतर डबी रिकामी होऊन. पायाखालची मॅट उचलून पेडलच्या वर बोट फिरवलं, कोरडं. म्हणजे मास्टर बाहेरून तरी गळत नव्हता. नळीचे जोड कोरडे. खाली स्लेव्ह सिलेंडरच्या रबरी टोपणाजवळ मात्र ओल आणि त्यावर धूळ बसून चिखल झालेला. वरच्या डबीत ऑइल खालच्या रेषेच्याही खाली. आतला वॉशर गेला हे दिसतच होतं. म्हणजे हवा काढणं ही सोमवार पार पाडायची सोय, दुरुस्ती नाही, हे दोघांनाही सांगून ठेवलं, मला आणि मंडळींना.

दुसरं बघितलं ते डबीचं. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकला एकच डबी असते. तसं असेल आणि ऑइल फार खाली गेलेलं असेल, तर माझं मत विचाराल तर हात लावू नका. क्लच गेला तर गाडी जागेवर उभी राहते, ब्रेकमध्ये हवा गेली तर ती उभी राहत नाही. आमच्या गाडीला दोन डब्या वेगळ्या आहेत. ब्रेकची हवा मी घरी काढत नाही, कितीही येत असलं तरी.

ऑइल कुठलं, ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. आमच्याला डॉट 3 किंवा डॉट 4 चालतं. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो पण ते इंजिन ऑइलच्या जातीचं नाही. यात इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, ग्रीस यांचा थेंबही जायला नको, आतलं रबर फुगतं आणि सगळे वॉशर बाद. डॉट 5 हे सिलिकॉनचं वेगळंच असतं, ते यात मिसळायचं नाही. हे ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, मिठासारखं. नवीन डॉट 3 उकळायला किमान 205 अंश लागतात, पाणी प्यालेलं 140 लाच उकळू शकतं. म्हणून वर्षभर फडताळात उघडी पडलेली बाटली नको, सीलबंद आणायची. आमच्या फाट्यावरचं स्पेअर पार्टचं दुकान सुदैवानं उघडं होतं. तिथूनच मोटारसायकलला घालतात तसली पेट्रोलची पारदर्शक नळी हातभर घेतली.

गाडी सपाट जागेला लावली, हँडब्रेक ओढला, पुढं-मागं चाकाला दगड लावले. आमची गाडी उंच, पोतं टाकून खाली सरकता येतं. बुटकी गाडी असेल तर नुसत्या जॅकवर उचलून खाली घुसायचं नाही आणि विटाही लावायच्या नाहीत, वीट फुटते. लोखंडी स्टँड नाहीतर जाड लाकडी ठोकळे पाहिजेत.

डबीचं झाकण उघडायच्या आधी भोवतालची माती पुसून घेतली. निपलवर धूळ खाणारी रबरी टोपी असते, ती काढली. निपलला ओपन पाना लावू नका, कडा झिजल्या की ते निघत नाही. रिंग पाना लावायचा, आमच्याला 10 चा बसला. आधी पाना अडकवायचा, मग नळी खोचायची, नळीचं दुसरं टोक बाटलीत, बाटलीत चार बोटं ताजं ऑइल आणि टोक त्यात बुडलेलं. टोक उघडं राहिलं तर तिकडूनच हवा परत ओढली जाते.

मंडळी गाडीत बसल्या, मी खाली.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. मी सांगितल्याशिवाय पाय काढू नको."

निपल पाव आट्यानं सैल केलं. फस्सकन काळपट ऑइल आलं, चहाच्या काढ्यासारखं, आणि त्यात बुडबुड्यांची माळ. लगेच निपल बंद. "सोड." पेडल आपोआप वर येईना, हातानं उचलायला सांगितलं. पुन्हा दाब, पुन्हा धर. सगळ्या कामाचा जीव यातच आहे: निपल उघडं असताना पाय वर यायचा नाही. आला की लाईन हवा पिते आणि पहिल्यापासून सुरुवात.

दर पाच वेळा झाले की मी बाहेर येऊन डबी भरत होतो. डबी तळाला गेली तर तिथूनही हवा जाते. पेडल भराभर मारू नका, आत फेस होतो आणि बारीक बुडबुडे लवकर निघत नाहीत. सावकाश.

बाराव्या-तेराव्या वेळेला बुडबुडे कमी झाले तरी पेडल अजून मऊच. आमच्या गाडीचा स्लेव्ह जरा तिरका बसलाय, हवा वरच्या कोपऱ्यात अडकते. नळी जोडलेलीच ठेवून त्याचे दोन बोल्ट काढले, सिलेंडर वाकवून निपल सगळ्यात वर केलं, दांडा हातानं आत दाबून धरला आणि सिलेंडरला हलक्या टिचक्या मारल्या. असं करताना पेडलला कुणी पाय लावायचा नाही, पिस्टन बाहेर उडतो. पाच मिनिटं निपल किंचित सैल ठेवून ऑइल नुसतं आपल्या वजनानं थेंब थेंब येऊ दिलं. दोन मोठे बुडबुडे निघाले. सिलेंडर परत बसवला, आणखी पाचसहा वेळा दाब-सोड केलं. तेवढ्यात मंडळीच म्हणाल्या, "अहो, आता पायाला लागतंय." खालून मला नळीत स्वच्छ मधाच्या रंगाचं ऑइल दिसत होतं, पण खरं आधी त्यांच्या पायाला कळलं.

निपल आवळताना जोर लावायचा नाही, बारीक असतं, तुटतं. अंगणात इंजिन सुरू करून रिव्हर्स टाकला, आवाज नाही. पेडल तासभर पायानं दाबून बघितलं, मधे मधे, खाली जात नव्हतं. वॉशर गळका आहे म्हणून उरलेली बाटली आणि पाना गाडीत ठेवला. सोमवारी आईला नेली आणि आणली. परत आल्यावर डबीतलं ऑइल दोन दोरे कमी झालं होतं.

मंगळवारी मेस्त्रीनं स्लेव्ह उघडला. वॉशरची कड फाटलेली आणि सिलेंडरच्या आतल्या भिंतीला गंजाचा ओरखडा. नुसतं किट टाकलं असतं तर त्या ओरखड्यानं नवीन वॉशरही खाल्ला असता, म्हणून अख्खा सिलेंडर बदलला आणि हवा परत काढली. या वेळेला मी पेडलवर, तो खाली. नव्या पुष्कळ गाड्यांत हा सिलेंडर गिअरबॉक्सच्या आतच असतो. तिथं गळती असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते घरचं काम नाही.

हे ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग उचलतं, लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. डोळ्यात जाऊ देऊ नका, खाली झोपून वर बघताना चष्मा लावा. निघालेलं काळं ऑइल मी बाटलीत भरून झाकण लावून मेस्त्रीकडच्या जुन्या ऑइलच्या पिंपात दिलं. बांधावर किंवा विहिरीच्या कडेला ओतायचं नाही, आणि ती बाटली फवारणीच्या औषधाजवळ तर अजिबात ठेवायची नाही.