कच्चे टाके

बर्थ मोरिझो या फ्रेंच चित्रकर्तीनं १८८५ साली, वयाच्या ४४व्या वर्षी, स्वतःलाच रंगवलं. पॅरिसच्या मार्मोतां मोने संग्रहालयात ते तैलचित्र आहे. उंची जेमतेम दोन फूट. पिकू लागलेले केस मागे बांधलेले, गळ्याशी काळा रुमाल, ताठ मान, थेट आपल्याकडे पाहणारे डोळे. चेहऱ्यापाशी रंग जरा स्थिरावतो. खाली जॅकेटवर फटकारे सैल होत जातात आणि कडेला कोरा कॅनव्हास तसाच उघडा राहतो. रंगांची पाटी तर चार-दोन फटकाऱ्यांतच उमटलेली.

हे अर्धवट राहिलंय का? तिच्या चित्रांपुढे लोकांनी हा प्रश्न पुष्कळदा विचारला. मला तो आईच्या शिवणापाशी नेतो. आई ब्लाउज शिवायची. कापड बेतलं की आधी कच्चे टाके घालायची. लांब लांब, ओढला की निघून येईल असा दोरा. तो ब्लाउज अंगावर घालून बघताना एखादीचा उतरता खांदा, एखादीची पोक काढून उभं राहायची सवय पहिल्यांदा कापडात दिसायची. पक्की शिलाई नंतर. बाई आईला कळायची ती कच्च्या टाक्यांत. मोरिझोनं स्वतःच्या चित्रातले ते टाके उसवलेच नाहीत.

चित्रकार एदुआर माने यांनी तिला अनेकदा रंगवलं. पण त्या चित्रांत ती दुसऱ्याला दिसलेली. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचं दार मुलींसाठी उघडलं १८९७ साली; ती त्याआधीच, १८९५ साली गेली. इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या आठ प्रदर्शनांपैकी सातांत तिची चित्रं होती. तरी तिच्या मृत्यूच्या नोंदीत लिहिलं गेलं : व्यवसाय नाही.

आईच्या वेळी फॉर्मवर 'गृहिणी' हा शब्द मी माझ्या हातानं लिहिला. माझ्या शाळेची फी, वह्या-पुस्तकं, सगळं तिच्या शिलाईतून आलेलं असताना.

म्हणून या चित्रात माझी नजर त्या रंगांच्या पाटीवर परत परत जाते. नोंदीत जे आलं नाही, ते तिनं दहा वर्षं आधीच चार फटकाऱ्यांत लिहून ठेवलं होतं.

आईचं चित्र काढायची वेळ आली, तर मी नाक-डोळे रेखत बसणार नाही. गळ्यात टेप, बोटांत खडूचा तुकडा, दातांत धरलेला दोरा. एवढंच काढीन. तिच्याकडून ब्लाउज शिवून घेतलेली कुठलीही बाई तिला ओळखेल.